दहा माणसे, चार घास

‘द वॉकिंग डेड’ या गेमच्या दुसऱ्या भागात लिली नावाची एक वैतागलेली बाई दिवसभराचा शिधा तुमच्या हातात ठेवते आणि आजचे वाटप तुम्हीच करून पाहा, असे सुनावते. शिधा म्हणजे मोजून चार वस्तू: अर्धे सफरचंद, वाळवलेल्या मांसाचा एक तुकडा आणि चीज-बिस्किटांच्या दोन पुड्या. खाणारी तोंडे दहा. मेलेली माणसे उठून चालू लागल्याला तीन महिने झाले आहेत आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील एका मोटेलच्या आवारात ही दहा माणसे कशीबशी तग धरून आहेत. मी हा प्रसंग पहिल्यांदा खेळत होतो तेव्हा मावशी शेजारी गवार मोडत बसली होती. तिने एकदा पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अरे, विचार कसला करतोस? आधी पोरांना दे.” पोरे दोन होती, त्यांना दिले. त्यानंतर उरलेले दोन घास हातात घेऊन मी त्या आवारात बराच वेळ नुसता फिरत राहिलो. लॅरी म्हातारा आहे, खवट आहे, पहिल्या भागात त्याने मला मरायला सोडून दिले होते. पण तो आता सर्वांसाठी कुंपण उभारतो आहे आणि रिकाम्या पोटी ते काम होत नाही. मार्क त्याच्याबरोबर राबतो आहे. कॅट्या जखमींची शुश्रूषा करते. केनीला काही दिले नाही तर तो ते मनात ठेवणार, हे त्याच्या बोलण्याच्या ढंगावरूनच कळते. या प्रसंगात घड्याळ नाही, मारामारी नाही, कोणी खलनायक नाही. तरीही पाचही भागांत मला सर्वांत अवघड गेलेला निर्णय हाच आहे, आणि या परीक्षणात जे म्हणायचे आहे त्याचा उगमही इथेच आहे.

आधी वस्तूची ओळख करून देतो. टेलटेल गेम्स या कंपनीने एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ या काळात हा पहिला हंगाम पाच भागांत प्रसिद्ध केला. त्याचे जग रॉबर्ट कर्कमन यांच्या २००३ पासून निघालेल्या चित्रकथांमधून घेतलेले आहे. मुख्य पात्रे आणि कथा मात्र नवीन आहेत, त्यामुळे चित्रकथा वाचलेली नसली तरी काही अडत नाही. प्रत्येक भाग साधारण दोन ते अडीच तासांचा आहे. टेलटेलचे काम २०१८ मध्ये बंद पडले. अर्धवट राहिलेला शेवटचा हंगाम कर्कमन यांच्याच स्कायबाउंड या संस्थेने पूर्ण केला आणि २०१९ मध्ये सर्व हंगामांची एकत्रित आवृत्ती काढली. मी अलीकडे दोनदा खेळलो ती हीच आवृत्ती. पुढील मजकुरात कथेचा जवळपास सगळा उलगडा येतो. त्याशिवाय या विषयावर बोलणे शक्य नाही. ज्यांना कोऱ्या मनाने खेळायचे आहे त्यांनी खेळून झाल्यावरच पुढे वाचावे.

ज्याला आपण ढोबळपणे ‘निर्णयांचा गेम’ म्हणतो, त्यात कथा खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे वळते, अशी जाहिरात नेहमीच केलेली असते. या गेमच्या प्रारंभीही तशी सूचना झळकते. प्रत्यक्षात कथा फारशी वळत नाही. लेखकांनी आखलेल्या मुख्य घटना तुम्ही काहीही केले तरी घडतातच, आणि वळतो तो त्या घटनांकडे पाहण्याचा पात्रांचा दृष्टिकोन. बरेच समीक्षक याला फसवणूक म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण शेवट किती आहेत यावर अशा कथेचा कस लागत नाही. समोरचे पात्र जे करते ते त्याच्या स्वभावातून, गरजेतून आणि भीतीतून येते की लेखकाला पुढचा प्रसंग हवा म्हणून त्याच्याकडून करवून घेतले जाते, हे पाहावे लागते. पहिल्या प्रकारात हरलेली बाजीसुद्धा आपली वाटते. दुसऱ्या प्रकारात जिंकूनही हाती काही लागत नाही. या एकाच गेममध्ये दोन्ही प्रकारांचे अस्सल नमुने आहेत, काही ठिकाणी तर एकाच पात्रात.

नायक ली एव्हरेट हा विद्यापीठात इतिहास शिकवणारा माणूस. पत्नीशी संबंध असलेल्या एका राजकारण्याच्या खुनाबद्दल तो दोषी ठरला आहे आणि कथा सुरू होते तेव्हा पोलिसांच्या गाडीत, हातकडी घालून, अटलांटाबाहेर नेला जात आहे. गाडीला अपघात होतो, ली कसाबसा एका घरात शिरतो आणि मागच्या अंगणातल्या झाडावरच्या घरात लपून राहिलेली आठ वर्षांची क्लेमेंटाईन त्याला भेटते. तिचे आईवडील सव्हाना शहरात अडकले आहेत, हे घरातल्या फोनवर नोंदवलेल्या निरोपांवरून आधीच कळलेले असते. इथून पुढे लीच्या प्रत्येक बोलण्याला दोन पदर मिळतात: खुनी असल्याचे लपवायचे आहे, आणि या मुलीच्या दृष्टीने भला माणूस राहायचे आहे.

हर्शेल नावाचा शेतकरी लीची जखमी तंगडी पाहत त्याची बारकाईने चौकशी करतो, तो प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कुठून आलास, कोणाबरोबर होतास, असे साधेच प्रश्न तो विचारतो आणि उत्तरासाठी पडद्याच्या तळाशी वेळेची पट्टी आक्रसू लागते. साफ खोटे बोलता येते, पण म्हातारा कच्चा नाही. एका पोलिसाच्या गाडीत होतो, हे अर्धसत्यही सांगता येते. आणि काहीच न बोलता पट्टी संपू देता येते. या गेममधली मला सर्वांत आवडलेली तरतूद हीच आहे, कारण गप्प राहणे हेही इथे उत्तर धरले जाते. समोरचा माणूस त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावतो, जसा आपल्या घरीदारी लावला जातो. अपराध लपवणारा माणूस जसा बोलेल तसेच बोलण्याचे पर्याय लीला दिलेले आहेत. त्याच्या तोंडी न शोभणारे, केवळ खेळणाऱ्याला मजा यावी म्हणून घातलेले पर्याय जवळपास नाहीत. कोणी तुमच्या बोलण्याची मनात नोंद केली की पडद्याच्या कोपऱ्यात तशी बारीक सूचना येते. ती केनीच्या नावाने आली तर मी खांदे उडवत असे. क्लेमेंटाईनच्या नावाने आली की मात्र आपण नेमके काय बोललो, ते आठवून पाहत असे.

आता शीतगृहाचा प्रसंग. दुसऱ्या भागात अन्नाच्या आशेने हे सगळे एका दूधडेअरीवाल्या कुटुंबाकडे जातात. त्या कुटुंबाच्या जेवणात कोणते मांस आहे, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ली, क्लेमेंटाईन, केनी, लिली आणि लिलीचे वडील लॅरी यांना मांस ठेवायच्या खोलीत कोंडले जाते. संतापाच्या भरात लॅरीला हृदयविकाराचा झटका येतो आणि तो कोसळतो. मेलेला माणूस थोड्याच वेळात उठतो आणि चावतो, हा या जगाचा नियम. लॅरी धिप्पाड आहे, खोली लहान आहे, दार बंद आहे. केनी म्हणतो, उठण्याआधीच त्याचे डोके ठेचले पाहिजे. लिली वडिलांच्या छातीवर दाब देत मदतीसाठी विनवते. निर्णय तुमचा, आणि क्लेमेंटाईन त्याच खोलीत पाहते आहे.

या दोघांपैकी कोणीही वेडे वागत नाही, म्हणून हा प्रसंग खरा वाटतो. लिली लेक आहे. ती दुसरे काय करणार? आणि केनीच्या घाईमागे नुसती घाई नाही. बाहेर त्याची बायको कॅट्या आणि मुलगा डक त्या नरभक्षकांच्या तावडीत आहेत. शिवाय पहिल्या भागात, औषधांच्या दुकानात लपलेले असताना, डकला चावा लागला आहे असा समज करून घेऊन याच लॅरीने त्या पोराला बाहेर फेकायची भाषा केली होती. केनी ते बोलून दाखवत नाही, पण तो विसरलेला नाही हे आपल्याला ठाऊक असते. लॅरीला हृदयाचा त्रास आहे, हेही आपण पहिल्या भागातच पाहिलेले असते. त्याच्या गोळ्यांसाठी तर आपण जीव धोक्यात घातलेला असतो. म्हणजे प्रसंगाचा एकेक धागा आधीच विणलेला आहे आणि लेखकाने ऐनवेळी वरून काहीही टाकलेले नाही. मी लिलीच्या बाजूने छाती दाबायला बसलो. लॅरीचे ओठ किंचित हलल्यासारखे वाटले, आणि त्याच क्षणी केनीने मिठाचा जड ठोकळा त्याच्या डोक्यावर टाकला. तो जिवंत होत होता की उठत होता, हे गेम कधीच सांगत नाही. दुसऱ्या खेपेला मी केनीची बाजू घेतली. लॅरी दोन्ही वेळा मेला, पण पुढचे तीन भाग माझ्यासाठी सारखे राहिले नाहीत, कारण पहिल्या खेपेला केनी मला भित्रा समजत होता आणि दुसऱ्या खेपेला लिली माझ्याकडे बापाचा मारेकरी म्हणून पाहत होती.

याच्या शेजारी पहिल्या भागातला ट्रॅक्टरचा प्रसंग ठेवून पाहावा. हर्शेलच्या मुलाचा पाय ट्रॅक्टरखाली अडकतो, ट्रॅक्टरवर बसलेल्या डकला एक मुडदा धरतो, आणि तुम्ही एकालाच वाचवू शकता. दोन संकटे एकाच क्षणी, एकाच हाताच्या अंतरावर. तुम्ही कोणाकडेही धावलात तरी डक वाचतो आणि हर्शेलचा मुलगा मरतो. इथे निवड कोणाच्या स्वभावातून आलेली नाही. निवड हवी म्हणून अपघात रचला आहे. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत नेमके महत्त्वाचे बोलणे चालू असतानाच दाराआड कोणीतरी उभे असते, त्याच जातीचे हे नाट्य आहे. त्याच भागाच्या अखेरीस डग आणि कार्ली या गटातल्या दोघांपैकी एकाला वाचवायचे असते. तो निर्णय निदान खरा आहे, कारण दुसरे माणूस खरोखरच मरते.

याच कार्लीच्या बाबतीत गेमने मोठा हास्यास्पद प्रकार केला आहे. ही बाई पेशाने वार्ताहर. लीचा खटला तिला माहीत आहे, तिचा नेम अचूक आहे, आणि लीचे गुपित ती समंजसपणे जपते. एवढ्या हुशार बाईला रेडिओ चालू का होत नाही हे समजत नाही, कारण त्यात सेल नाहीत! दुकानभर फिरून सेल शोधायचे, तिला नेऊन द्यायचे, आणि ते तिने उलटे बसवले की सरळ करून द्यायचे, एवढा उद्योग आपल्याकडून करवून घेतला जातो. वस्तू शोधत फिरण्याच्या जुन्या गेमची ही सवय आहे, हे समजते. पण तेवढ्या पाच मिनिटांसाठी एका चांगल्या पात्राची बुद्धी गहाण ठेवली आहे. मावशी याच जागी उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

बेनच्या बाबतीत हे सर्वांत ठळकपणे दिसते. हा शाळकरी पोरगा तिसऱ्या भागात मोटेलमधली औषधे चोरून दरोडेखोरांना देत असल्याचे उघड होते. कारण काय, तर त्याचा मित्र त्यांच्या ताब्यात आहे असे त्यांनी त्याला भासवलेले असते, आणि देणे थांबवले तर काय होईल याची त्याला धास्ती असते. हे पटते, त्या वयाचा घाबरलेला मुलगा खोटे बोलेल, रेटून बोलेल आणि दुसऱ्यावर आळ जाऊ देईल, यात नवल नाही. चौथ्या भागात मात्र हाच बेन एका बंद दाराच्या मुठींत अडकवलेली कुऱ्हाड काढून आणतो. ते दार तिच्याच आधारावर मुडद्यांना अडवून उभे आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. इथे भीती नाही, मोह नाही, गैरसमजही नाही. मुडदे आत यायला हवे होते आणि कोणीतरी दार उघडायला हवे होते, एवढेच. त्यानंतर लगेच घंटाघरात तो तुमच्या हाताला लोंबकळत असतो आणि मला सोडून द्या म्हणतो. हा निर्णय जड व्हायला हवा होता. माझ्या मनात मात्र ती कुऱ्हाडच घोळत होती, आणि बेनचा राग यावा की लेखकाचा, ते ठरेना.

लिलीने रस्त्याच्या कडेला गोळी झाडण्याचा प्रसंग या दोन टोकांच्या मधला आहे आणि म्हणून मला तो सर्वांत अधिक अभ्यासनीय वाटतो. बाप गेलेला, मोटेल हातचे गेलेले, कोणीतरी घरभेदी आहे याची खात्री झालेली, आणि गटात तिचे ऐकणारे कोणी उरलेले नाही. गाडी थांबते, वाद पेटतो आणि ती पिस्तूल काढते. पहिल्या भागात तुम्ही कार्लीला वाचवले असेल तर कार्ली मरते. डगला वाचवले असेल तर बेनवर झाडलेली गोळी त्याला ढकलताना डगला लागते. लिलीच्या बाजूने पाहिले तर हे सर्व सुसंगत आहे; शिध्याच्या त्या पहिल्या प्रसंगापासून तिच्यावरचा ताण चढत गेलेला आपण पाहिला आहे. पण कथेला फुटलेल्या दोन फांद्या इथे छाटून पुन्हा एक केल्या आहेत, हेही लख्ख दिसते, कारण डग असो वा कार्ली, दोघांनाही नेमकी हीच जागा मरणासाठी नेमून दिलेली आहे. एकदाच खेळणाऱ्याला कात्री दिसत नाही. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला दिसते, आणि मग लिलीबद्दल वाटलेली कणव थोडी ओसरते.

चौथ्या भागाच्या शेवटी लीला चावा बसतो त्यावर अनेकांचा आक्षेप आहे की इतका सावध माणूस इतक्या साध्या जागी कसा फसेल. मला तो आक्षेप मान्य नाही. क्लेमेंटाईन नाहीशी झाली आहे, तिचा वॉकीटॉकी कचऱ्याच्या ढिगापाशी पडलेला दिसतो, आणि ली आजूबाजूला न पाहता वाकतो. त्या क्षणी मीही पाहिले नाही. तीन भागांत वाढत गेलेली माया त्याला गाफील करते, आणि म्हणून तो योगायोग पचतो. योगायोगाने माणूस संकटात पडला तर वाचक फारशी कुरकुर करत नाही. तो सुटला तरच करतो.

पाचव्या भागातला अनोळखी माणूस मात्र मला अर्धाच पटला. दुसऱ्या भागाच्या शेवटी जंगलात एक अन्नाने भरलेली बेवारस गाडी सापडते. ती खरोखर बेवारस नसेल तर, अशी शंका फक्त क्लेमेंटाईन काढते. तुम्ही हात लावला नाही तरी बाकीचे ती लुटतात. ती गाडी या माणसाची होती आणि त्या लुटीनंतर त्याचे कुटुंब उद्ध्वस्त झाले. हॉटेलच्या खोलीत समोर बसून तो तुमच्या निर्णयांचा एकेक हिशेब मागतो. कल्पना जबरदस्त आहे, कारण ज्यांचे अन्न घेतले त्यांचा चेहरा कोणत्याही गेममध्ये सहसा दिसत नाही. पण या माणसाला आपण कुठे काय केले ते सर्व ठाऊक असणे, वॉकीटॉकीवरून त्याने मुलीचा विश्वास मिळवणे, आणि शेवटी त्याच्या पिशवीतून निघणारा तो बीभत्स ऐवज यांमुळे दुखावलेला बाप मागे पडतो आणि माथेफिरू पुढे येतो. बाप म्हणूनच तो समोर बसला असता तर मला उत्तर देणे कितीतरी कठीण गेले असते.

उलट ज्या प्रसंगात निवड जवळजवळ नाही तोच मनात अधिक राहिला आहे. तिसऱ्या भागात आगगाडीत भेटलेला चक नावाचा फिरस्ता म्हातारा लीला स्पष्ट बजावतो की असेच चालले तर ही मुलगी वाचणार नाही. मग डब्यात ली तिला पिस्तूल धरायला शिकवतो आणि तिचे लांब केस कापतो, कारण ते मुडद्यांच्या हाती लागू शकतात. तुम्ही फक्त काय बोलायचे ते ठरवायचे. ती थोडी कुरकुरते, मग गप्प बसते. या प्रसंगातून पुढच्या कथेला काहीही फाटा फुटत नाही; पण पाचव्या भागात ली जमिनीवर पडलेला असताना तीच मुलगी एकटीने पुढचे सर्व करते, तेव्हा तिचे आखूड केस पाहून त्या डब्याची आठवण होते. ली आणि क्लेमेंटाईन यांना आवाज देणाऱ्या डेव्ह फेनॉय आणि मेलिसा हचिसन या दोघांना याचे मोठे श्रेय आहे.

खरेदी करू पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गेम खेळायला सोपा आहे. दिसेल ती कळ झटपट दाबण्याचे प्रसंग काही जागी कंटाळवाणे आहेत, तरी ते कोणालाही जमतील. चित्रकथेसारखी रंगवलेली दृश्ये जुन्या संगणकावरही नीट चालतात. अडचण भाषेची आहे. संवाद अमेरिकी इंग्रजीत आहेत, तेही दक्षिणेकडच्या हेलांचे, आणि उत्तराची पट्टी वाचणाऱ्याची वाट पाहत नाही. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्या माणसाला पहिला तासभर धापा टाकत खेळावे लागेल. खाली दिसणारे इंग्रजी शब्द पहिल्यापासूनच चालू ठेवावेत. रक्तपात भरपूर आहे, त्यामुळे घरात मुले असतील तर ती झोपल्यावर खेळलेले बरे. ‘४०० डेज’ हा २०१३ साली आलेला जोडभाग तुटक आहे, पात्रांशी ओळख होण्याआधीच संपतो. तो वगळला तरी चालेल.

प्रत्येक भागाच्या अखेरीस जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी कोणता निर्णय घेतला, याचे एक पान येते. पहिल्या खेपेला मी ते उत्सुकतेने वाचले आणि बहुसंख्यांच्या बाजूला असलो की उगाच बरे वाटून घेतले. त्यात ट्रॅक्टर असतो, डग आणि कार्ली असतात. तिसऱ्या खेपेला मी अर्धे सफरचंद लॅरीला दिले. शीतगृहात त्याचे काय होणार ते मला ठाऊक होते, तरी दिले. आता ते टक्क्यांचे पान मी न वाचताच पुढे ढकलतो.